धुतलेल्या आसनाचा वास

आधीच सांगते, अशा गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. आणि त्या महाराजांवर तर आजही काडीचा नाही. गुलमंडीतल्या एका कापड दुकानाचा स्टॉक मी सांभाळते. माल आला किती, गेला किती, उरला किती... मोजल्याशिवाय मी काही मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण यातली एक गोष्ट कुठंच बसत नाही.

उस्मानपुऱ्यात आम्ही दोघी बहिणी राहतो. मंजू धाकटी. कॉलेजात असतानाच तिला डायबिटीस निघाला — गोळ्यांवर भागणारा नाही, रोज इन्सुलिन टोचावं लागतं तो. तेव्हा तिच्या श्वासाला अती पिकलेल्या फळांसारखा गोड, उग्र वास यायचा. हॉस्पिटलात तिच्या उशाशी मीच होते. तो वास मी विसरणं शक्य नाही.

गेल्या वर्षीपासून मंजू पैठणजवळच्या एका मठात जायला लागली. ध्यान, नामस्मरण — त्याला माझी हरकत नव्हती. पण तिथले महाराज सिद्धींच्या गोष्टी सांगायचे. प्राण जिंकला की देहाला कशाची गरज उरत नाही, अंगाला आपोआप सुगंध सुटतो, वगैरे. मी म्हणायचे, "मंजे, सुगंधच पाहिजे तर अत्तर आणून देते." ती हसायची. "ताई, तुला सगळं दुकानातच मिळतं!"

मग तिथं शिबिर लागलं. तिची इन्सुलिनची पेटी मी स्वतः भरून दिली. पोचल्यावर तिचा फोन आला — "घेतलं गं बाई, घेतलं. आता फोन जमा करायचाय." मी निर्धास्त झाले. हे मुद्दाम लिहितेय. काळजीनं भास झाला, असं कुणी म्हणू नये.

तीन-चार दिवसांनी, रविवारी, मंजूचं घरातलं लोकरीचं आसन मी धुऊन गच्चीवर टाकलं. ती असती तर धुऊच दिलं नसतं. साधकाच्या आसनाला दुसऱ्यानं हात लावायचा नसतो म्हणे. दुपारी कडकडीत वाळलं. घडी घालायला उचललं... आणि तोच वास आला.

आधी साबण हुंगला. मग त्याच बादलीत धुतलेली चादर. काही नाही. गच्चीवर फळाची साल नाही, झाड नाही. आसन पुन्हा नाकाशी धरलं. जणू मंजू माझ्या तोंडासमोर श्वास सोडत होती.

मठाचा फोन कुणी उचलेना. खालच्या मजल्यावरचे सलीमभाई भाड्याची गाडी चालवतात. त्यांना जेवणावरून उठवलं.

"क्या ताई, दुकान को आग लगी क्या?"

"मंजूला बरं नाहीये. पैठणला चला."

"कौन बोला?"

मी गाडीकडं निघाले. त्यांनी हात धुतले आणि किल्ली घेतली.

मठाच्या दारातल्या सेवेकरी बाईनं मला अडवलं. "आत नका जाऊ. माई समाधीत हायेत. लई सुगंध सुटलाय, श्वास बी आपोआप चाललाय. भाग्य लागतं ओ!"

आत मंजू भिंतीला टेकवलेली. ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले, भात्यासारखा श्वास. आणि बायका रांगेनं तिच्या पाया पडत होत्या. वाकून तिचा वास घेत होत्या. एकीनं तर लेकराचं तोंड तिच्या तोंडाजवळ धरलं होतं.

"इन्सुलिन कुठंय हिचं?" मी ओरडले.

"सोडलं त्यांनी," बाई म्हणाली. "गोदामाईत."

तीर्थावर माणसं काहीतरी सोडतात — कुणी वांगं, कुणी कारलं. आमच्या आईनं फणस सोडला होता. महाराजांनी सांगितलं होतं, ज्यावाचून जगता येत नाही असं वाटतं, ते सोडा. मंजूनं तेच केलं.

महाराज आले. मऊ आवाज. "ताई, वर चाललेल्या जिवाला मागं ओढू नये."

"वरच चाललीय, म्हणून न्यायला आले. बाजूला व्हा."

ते झाले नाहीत. सलीमभाईंनी शांतपणे त्यांच्या खांद्याला धरून त्यांना बाजूला केलं. मग आम्ही दोघांनी मंजूला उचललं.

शहरात आणून ॲडमिट केलं. डॉक्टर म्हणाल्या, इन्सुलिन तुटलं की रक्तात ॲसिड वाढतं. वास त्याचा आणि जोराचा श्वासही त्याचाच. अजून उशीर झाला असता तर हाती लागली नसती. म्हणजे महाराजांच्या सिद्धीचा हिशोब तिथंच मिटला. सुगंध नव्हता तो. माझी बहीण मरत होती, आणि लोक पाया पडत होते.

शुद्धीवर आल्यावर मंजूनं डॉक्टरांचं सगळं ऐकलं, रडली. मग मला म्हणाली, "ताई, तुला कळलं कसं?"

मला खरं सांगता येईना. तू पन्नास किलोमीटर दूर असताना घरी धुतलेल्या आसनाला तुझ्या श्वासाचा वास आला, हे ऐकलं असतं तर ती त्याच पावली मठात गेली असती. आणि महाराजांनी ते प्रवचनात सांगितलं असतं.

"सलीमभाईंच्या मेव्हण्यानं तुला तिथं बघितलं," मी म्हणाले.

सलीमभाई दारातच उभे होते. "हौ, मेरे साले ने. फौरन फोन किया बिचारे ने."

लिफ्टमध्ये मात्र त्यांनी विचारलं, "ताई, मेरे को तो सालाच नहीं. सच में कौन बोला?"

"कुणीच नाही."

खाली आल्यावर त्यांनी गाडी काढली. नंतरही त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मंजू आता वेळेवर टोचून घेते. मठ सुटला, ध्यान सुटलं नाही. रोज सकाळी त्याच आसनावर बसते. ती अंघोळीला गेली की मी ते उचलून हुंगते. नुसत्या लोकरीचा वास येतो. तेवढं झालं की मी डबा भरून दुकानात जाते.

त्या दुपारचं उत्तर माझ्याकडं नाही. वाचकांपैकी कुणाकडं असेल तर इथंच लिहा, मी वाचीन. नावं आमची बदललीत. पण चुकून ओळखलंत, तर घरी येऊन बोलू नका. मंजू घरात असते.