मोटारीचं वय आणि क्लचबाईंचं

गावात मोटार शिकवणाऱ्या बाई एकच, आणि त्यांना सगळे क्लचबाई म्हणत. शिकाऊ माणसाने गचका देऊन गाडी बंद पाडली की "क्लच! अहो, क्लच दाबा!" ही आरोळी तीन गल्ल्या पलीकडे ऐकू जाई. बाई कुणाच्या बापाला भिणाऱ्या नव्हत्या. हळव्या होत्या त्या दोनच बाबतींत: आईचा फोटो आणि स्वतःचं वय.

फोटो त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर होता. गोल दिव्यांची जुनाट मोटार आणि स्टिअरिंगमागे ताठ बसलेली आई. कुणाचे पाय लटपटले की बाई त्याला फोटोसमोर उभं करत. "बघा माझी आई! त्या काळी! आणि तुम्हाला साधं रिव्हर्स जमेना?" बाई स्वतःही लहानपणी हाच फोटो बघून गाडीच्या नादी लागल्या होत्या. नातेवाइकांनी नाकं मुरडली तेव्हा याच फोटोकडे बोट दाखवून त्यांनी सगळ्यांची तोंडं बंद केली होती. आईला मात्र फोटोबद्दल काही विचारलं की ती "जाऊ दे गं, झाली बरीच वर्षं" म्हणून उठून जायची. बाई त्याला विनय समजत.

वयाचं प्रकरण नाजूक होतं. लग्न जमवताना मामांनी त्यांच्या वयातली सहा वर्षं सफाईने कापली आणि ती पुन्हा कुणी जोडलीच नाहीत. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, मिनिटाचा फरक त्याला खपत नसे. पण बायको आपल्याहून तीन वर्षांनी लहान, म्हणजे छप्पन्नची, यावर त्याची श्रद्धा होती. खरा आकडा बासष्ट. बाबा आणि मामा गेल्यावर तो फक्त बाईंना आणि त्यांच्या आईला ठाऊक उरला.

अशात मोटारचालक मंडळाने ठरवलं, गावात सगळ्यात आधी गाडी चालवणाऱ्या स्त्रीचा सत्कार करायचा. पेट्रोल पंपवाल्यांनी आपल्या आईचा गाडी चालवतानाचा फोटो आणला. मागे तारीख होती, साठ वर्षांपूर्वीची. क्लचबाई आईला आणि नवऱ्याला घेऊन, फोटो काखोटीला मारून मंडळात हजर झाल्या. त्यांच्या फोटोवर तारीख नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य. त्यांनी भिंग काढून मोटारीची पुढची जाळी एकेक पट्टी करून तपासली. आता ते गाडीला "आ करा" म्हणतील असं वाटलं.

"ही गाडीची घडण, हा तपकिरी रंग," ते शेवटी म्हणाले, "फोटो नव्वद वर्षांचा आहे!"

बाईंचा चेहरा फुलला.

"आजींचं वय काय?" पंपवाल्यांनी गोडीत विचारलं.

"ब्याऐंशी."

"म्हणजे जन्माच्या आठ वर्षं आधीच गाडी हाणत होत्या. हुशार असणार."

सगळे हसले. त्यात नवऱ्याने तोंड उघडलं. "रंग धुराचा आहे हो. आपली जुनी गाडी रोज सकाळी या फोटोशेजारच्या खिडकीत धूर ओकायची. आमच्या लग्नात फोटो चांगला काळा-पांढरा होता." घरचा भेदी तो हाच, अशा नजरेने बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. अध्यक्षही वरमले. गाडी जुनी म्हणून फोटो जुना असं नसतं, म्हणाले. ही गाडी तर फोटो काढला तेव्हाच कवळी लावायच्या वयाची असेल.

बाईंनी भिंग ओढून घेतलं. हजारदा पाहिलेला फोटो. पण स्टिअरिंग आणि आई यांच्यामध्ये काय आहे ते त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिलं. पोट होतं, चाकाला टेकेल एवढं, नऊ महिन्यांचं. आणि बाई एकुलत्या एक.

म्हणजे फोटोचं वय तेच बाईंचं वय. छप्पन्न सांगितलं तर आई हरणार, बासष्ट सांगितलं तर जिंकणार. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आणि उभ्या राहिल्या.

"त्या पोटात मी आहे," त्या म्हणाल्या. "आणि मी बासष्टची आहे."

पुरावा कुणी मागितला नाही. वय वाढवून सांगणारी बाई तिथे कुणी आजवर पाहिली नव्हती. नवरा बोटांवर मोजू लागला, तिसऱ्या बोटावर थांबला. "म्हणजे मी लहान?"

"घरी बोलू," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी नाव लिहायला पेन उघडलं आणि रीत म्हणून विचारलं, "आजी, त्या दिवशी कुठवर चालवलीत गाडी?"

आईने एक सुस्कारा सोडला. "चालवली कुठली? तिचं इंजिन आधीच काढून विकलं होतं. भंगारवाल्याकडे ढकलत न्यायची होती. हिचे बाबा आणि आणखी चौघं मागून ढकलत होते. मला त्या अवस्थेत ढकलता येईना, म्हणून चाक धरायला बसवलं. समोरून फोटोवाला येत होता, त्याने काढला."

पंपवाल्यांना खोकला आला. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. वय गेलं ते गेलं, वर सत्कारही गेला. "आई! अगं जन्मभर लोकांना सांगत आले मी! एका शब्दाने बोलली नाहीस?"

"बोलणार होते," आई म्हणाली. "पण तू एवढीशी होतीस. फोटो घेऊन नाचत आलीस, म्हणालीस, आईला येते म्हणजे मलाही येणार. तुझे बाबा खरं सांगायला गेले तर मीच त्यांना चिमटा काढला. सांगितलं असतं तर धरलं असतंस चाक?"

बाईंनी फोटो पदराने पुसला आणि पुन्हा काखोटीला मारला. राग कुठे गेला कळलं नाही.

सत्कार पंपवाल्यांच्या आईचा ठरला. परत निघताना आई पुढच्या सीटवर, नवरा मागे. बाईंनी झपाट्याने गाडी काढली, तसा मागून दबका आवाज आला, "अगं... म्हणजे, अहो, जरा हळू." बाईंना असं हसू फुटलं की गाडी कडेला घ्यावी लागली. हसता हसता त्या रडू लागल्या.

"भीती नाही वाटली तुला?" डोळे पुसत त्यांनी आईला विचारलं. "काही येत नसताना चाक धरून बसलीस."

"वाटली ना," आई म्हणाली. "पण मागून पाच जण ढकलत होते आणि पोटातून तू. थांबते कुठे?"