सर्व्ह म्हणजे रुमाल

सर्व्ह करण्याआधी ताई समोरच्या खेळाडूकडे बघतच नसत. त्या नेटकडे बघत. आपल्याला जिथे पोचायचंय ती जागा अजून रिकामी आहे ना, एवढी खात्री करून घ्यायच्या आणि बॉल वर फेकायच्या.

मूळच्या पैठणच्या. माहेरी शेती मोठी, पण कॉलेजसाठी रोज एसटीने औरंगाबादला येणं-जाणं. गर्दीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची, हे त्यांचं पहिलं क्रीडाशिक्षण. मला त्यांनी टेनिस शिकवलं तेही याच भाषेत. "सर्व्ह म्हंजे रुमाल गं. टाकायचा अन् त्याच्यामागं पळायचं. नुसता टाकून खालीच उभी राहिलीस, तर सीटवर दुसरंच कुणीतरी बसतं."

तुम्ही टीव्हीवर टेनिस बघत असाल, तर एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. हल्ली सर्व्ह करून कुणी नेटकडे धावत नाही. पूर्वी धावत. सर्व्ह करायची, चार ढांगांत पुढे यायचं आणि परत आलेला बॉल टप्पा पडायच्या आत हवेतच मारायचा. पॉइंट खलास. मग रॅकेटच्या तारा बदलल्या, कोर्टं संथ झाली, परतीचे फटके इतके जोरात यायला लागले की पुढे येणारा उघडा पडू लागला. सगळे मागे जाऊन उभे राहिले. क्लबच्या टीव्हीवर एखादी फायनल लागली की ताई अस्वस्थ व्हायच्या. "दोघं बी घरातच बसलेत. कुणीतरी दारात तरी या की."

ताई आम्ही सगळेच म्हणायचो. त्या विमा कंपनीत अधिकारी, पन्नाशी ओलांडलेल्या. मी दहाएक वर्षांनी लहान, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघायचे. दुहेरीत आमची जोडी होती. मी स्वभावानेच मागे राहणारी. जागा सोडायची नाही, चूक करायची नाही. त्यामुळे आमचं भांडण कधी झालं नाही. त्या पुढे, मी मागे, मधली जागा देवाच्या भरवशावर.

मग ते लागोपाठचे दुष्काळ आले. जायकवाडी मृतसाठ्यावर आलं, हर्सूलच्या तलावाला भेगा पडल्या, आणि शहर मात्र वाढतच होतं. नळाला पाणी नाही आणि नव्या सोसायट्यांच्या जाहिरातींत स्विमिंग पूल.

आमच्या क्लबचं कोर्ट तेव्हा मुरुमाचं होतं. त्यावर रोज पाणी मारावं लागतं. क्लबची बोअर आटली तेव्हा कमिटीने कोर्टासाठी टँकर ठरवला. ताई कमिटीत होत्या. क्लबच्या मागच्या वस्तीत बाया घागरी घेऊन उन्हात बसलेल्या असताना आपण मातीला पाणी पाजायचं, हे त्यांनी होऊ दिलं नाही. त्या अडून बसल्या. टँकर वस्तीत गेला, कोर्ट कोरडं राहिलं.

आता यात एक गोम होती. ओल्या मुरुमावर बॉल टप्पा घेऊन वर उठतो, समोरच्याला वेळ मिळतो. कोरड्या मुरुमावर तो घसरत, खालूनच निघून जातो. म्हणजे सर्व्ह करून पुढे धावणाऱ्याची चंगळ. दुष्काळात अख्ख्या शहरात एकच माणूस सुखी आहे, अशी ताईंची चेष्टा चालायची. त्याही हसायच्या.

त्याच उन्हाळ्यात नाशिकला क्लबांच्या स्पर्धेसाठी बायकांची एक जोडी पाठवायची होती. दावेदार दोन: आम्ही आणि इंजिनिअरिंग कॉलेजातल्या दोन पोरी. सामना खेळून ठरवायचं होतं. ताईंचा गुडघा संपत आला होता, ऑपरेशनही ठरलं होतं. क्लबकडून बाहेर खेळायची ही शेवटची संधी होती आणि त्यांना मनापासून जायचं होतं. नवे बूट आणून ठेवले होते.

बैठकीत आमचे सेक्रेटरी चहा ढवळत म्हणाले, "ताई, पाणी वस्तीला अन् नाशिक तुम्हाला. बरोबर जमवलंत."

बाकीचे हसले. या वेळी ताई हसल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला. "मॅच जालना रोडच्या त्या नव्या सोसायटीत घ्या. सिंथेटिकवर."

ते कोर्ट खरखरीत. बॉल टप्पा घेऊन छातीपर्यंत यायचा आणि फोटो काढून घ्यावा इतका वेळ थांबायचा. शिवाय त्या पोरी रोज तिथेच खेळायच्या. घरी जाताना मी ताईंना चांगलंच फैलावर घेतलं. मला विचारायचं तरी, म्हटलं.

"इचारलं असतं तर तू नको म्हणाली असती."

"म्हणालेच असते. जिंकायचंय ना आपल्याला?"

"जिंकायचंय तर. पण त्या पाण्याला माझ्या खेळाचा वास नको."



पहिला सेट पोरींनी अर्ध्या तासात गुंडाळला. ताई पुढे धावायच्या आणि बॉल त्यांच्या डावी-उजवीकडून सुसाट निघून जायचा. कोर्ट बदलताना एका पोरीने खरोखरच्या कुतूहलाने विचारलं, "आंटी, तुम्ही सेकंड सर्व्हवरपण पुढे येता?"

"मग कधी येऊ? तू बोलावल्यावर?"

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, आज मागे राहून खेळू, पोरी चुका करतील. हा सल्ला शहाणपणाचा होता, आजही मी तोच देईन. त्या म्हणाल्या, "तू ऱ्हा. डोक्यावरून आलेले घ्यायला कुणीतरी पाहिजेच."

दुसरा सेट आम्ही घेतला. कसा, ते मला अजून नीट सांगता येणार नाही. पोरींना नेटवर उभं असलेलं माणूस बघायची सवय नव्हती. सोपे बॉल त्या बाहेर मारायला लागल्या. सेक्रेटरी खुर्ची सोडून तारेच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले.

तिसरा आम्ही हरलो. सांगून टाकते, तुम्हाला ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. नाशिकला पोरी गेल्या. ताईंचं ऑपरेशन झालं, मग त्या मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या आणि काही वर्षांनी तिथेच वारल्या. टँकरचा विषय त्यानंतर क्लबात कुणी काढला नाही. आमचं कोर्टही आता सिंथेटिक झालंय. पाणी लागत नाही, मला ते सोयीचं वाटतं.

पण शेवटचा पॉइंट सांगायला हवा. एक पॉइंट गेला की सामना गेला, अशी वेळ. सर्व्ह ताईंची. पहिली नेटमध्ये अडकली. दुसरी टाकायची ती जपून, हळू. आणि अशा सर्व्हनंतर कुठलाही शहाणा माणूस जागचा हलत नाही. मी हलले नाही. ताई निघाल्या. परतीचा फटका थेट पायाशी आला, तो त्यांनी वाकून उचलला, त्या गुडघ्यासकट. पुढचा अंगावर आला, तोही परतवला. तिसरा बाजूने निघाला. त्यांनी झेप घेतली, बॉल रॅकेटच्या कडेला लागला आणि बाहेर गेला.

पोरी त्यांच्या बेसलाइनवर होत्या, मी माझ्या. हात मिळवायला आम्हा तिघींना चालत जावं लागलं. ताई आधीच नेटपाशी उभ्या होत्या.