डबीवरचं नाव

…तर त्रिवेणीनं ती स्टीलची डबी उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि मला विचारलं, “केशवकाका, हे काय लिहून आणलंत?” काल नेमक्या याच ठिकाणी मला जेवायला उठवलं होतं, म्हणून इथूनच पुढं सांगतो.

मी ऐटीत म्हणालो, “वाच की! मशीननं नाही, एकनाथरावांनी हातानं कोरलंय.”

तिनं मोठ्यानं वाचलं. ‘एचआयव्ही-एड्स साहाय्य उपक्रम. सप्रेम भेट.’ त्याखाली पैसे देणाऱ्या परदेशी सरकारच्या योजनेचं नाव, आणि कडेनं दोन कमळं. कमळं मी सांगून घालून घेतली होती.

‘सप्रेम भेट’पाशी तिला हसू फुटलं. हसता हसता ती शिलाई मशीनच्या स्टुलावर बसली. मग हसू थांबलं. “काका, ही डबी घेऊन कोणती बाई घरी जाईल?”

एका डबीचं असतं तर कुठंतरी लपवली असती. अशा एकशेवीस होत्या.

आता ही त्रिवेणी कोण, ते सांगायला पाहिजे. आमच्या उदगीरकडची पोर. लग्न होऊन हैदराबादला आली, नवरा नामपल्लीत फरशीच्या दुकानात कामाला. तो गेला तेव्हा दवाखान्यात हिचंही रक्त तपासलं आणि तोच आजार निघाला. सासरच्यांनी तिचं ताट वेगळं केलं, मग बिछाना वेगळा केला, मग म्हणाले, तूच वेगळी हो. झाली वेगळी. जामबागच्या एका गल्लीत फॉल-पिकोचं दुकान टाकलं. चारचौघी उभ्या राहतील एवढी जागा नाही, पण गोळी एक दिवस चुकवली नाही. त्याला आता वीस वर्षं होत आली. आज तिच्याकडं बघून कोणी म्हणणार नाही की ही आजारी आहे. माझ्यापेक्षा जोरात जिना चढते.

सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. तरी रांगेतल्या बाया मधेच येईनाशा होतात. का, ते डॉक्टरांना कळेना. त्रिवेणीला कळलं. गोळ्यांची बाटली वाजते! पिशवीत वाजते, कपाटात वाजते, तांदळाच्या डब्यात लपवली तर तांदूळ काढणारीच्या हाताला लागते. एका सुनेनं सासूच्या धाकानं तीन महिने गोळ्या सोडल्या आणि मग तिला दवाखान्यात उचलूनच न्यावं लागलं. त्या दिवसापासून त्रिवेणीनं सगळ्यांच्या बाटल्या आपल्या दुकानात, दोऱ्याच्या रिळांमागं ठेवायला सुरुवात केली. बाईनं आठवड्याला यायचं, हातात एखादी साडी घेऊन. फॉल लावायला गेली होती म्हटलं की घरचे काही विचारत नाहीत. आली नाही, तर त्रिवेणीच ‘साडी तयार आहे’ म्हणत तिच्या दारात हजर. मी कितीदा तिच्याबरोबर रिक्षात बसून गेलोय. एका घरी तर सासूनं खरंच चार साड्या फॉलला दिल्या आणि वर म्हणाली, “तुमच्यासारखी कामाला चोख बाई नाही बघितली.”

राहिला प्रश्न आठवडाभराच्या गोळ्या घरी ठेवायच्या कशात. तिला सुचली डबी. कापूस घातलेली, न वाजणारी, लवंग-वेलदोड्याची असते तशी. आणि ती द्यायची संक्रांतीचं वाण म्हणून. वाणाची डबी कोणत्या घरात नसते? त्याच सुमारास परदेशी मदतीतून लहान गटांना छोटी अनुदानं मिळत होती. दिलीप नावाच्या भल्या माणसाच्या संस्थेला परदेशातले पैसे घ्यायची परवानगी होती, त्याच्यामार्फत अर्ज केला. मंजूर झाला. पहिल्या वर्षी डब्या आणि येण्याजाण्याचा खर्च. काम पटलं तर दुसऱ्या वर्षीही. दुसरं वर्ष मिळालं तर त्रिवेणी शहराबाहेरच्या वस्त्यांपर्यंत पोचणार होती. तिथल्या अकरा बाया तिच्या वहीत नाही, डोक्यात होत्या. वहीत ती कोणाचंच नाव लिहीत नाही.

अनुदानाच्या कागदात एक अट होती. घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचं नाव दिसलं पाहिजे. दिलीपच्या मनात चिकटवायची चिठ्ठी होती. पण डब्या आणायचं काम माझ्याकडं, आणि आमच्याकडं भांड्यावर नाव म्हणजे कोरलेलं नाव. माझ्या लग्नातल्या तांब्यावर मामाचं नाव, गाव, तिथी, सगळं आहे. पन्नास वर्षं घासतायत, अजून बोटाला लागतं. त्याच हौसेनं मी भांड्यांवर नावं घालणाऱ्या एकनाथरावांकडं गेलो होतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चार दिवस राहिले होते. त्रिवेणी डब्यांचं पोतं घेऊन मला पुढं घालून एकनाथरावांकडं आली. त्यांनी चष्मा वर केला. “बाई, कोरलेलं जात नसतं. पुसायला ती काय पाटी आहे?”

“पुसू नका. वरून वेलबुट्टी काढा. अक्षर दिसलं नाही पाहिजे.”

“एकशेवीस डब्यांवर? चार दिवसांत? कायकू परेशान करते, माय!”

“तुमच्या लेकीचं लग्न चैत्रात आहे ना? रुखवतापासून पाठवणीपर्यंतच्या सगळ्या साड्यांचा फॉल माझ्याकडं.”

एकनाथरावांनी माझ्याकडं बघितलं. “केशवराव, यापुढं तुम्ही भांडी आणायला जाऊ नका.” आणि छिन्नी उचलली.

दुसऱ्या दिवशी त्रिवेणीला दिलीपचा फोन आला. परदेशी योजनेच्या चारुलताबाई हळदीकुंकवालाच बघायला येणार होत्या. नाव दिसेल असा डबीचा फोटो आणि लाभ घेणाऱ्या बायांची यादी, एवढं त्यांना हवं होतं. “मावशी,” दिलीप म्हणाला, “दहा डब्या तशाच ठेवा. दाखवायला. बाकीच्या वाटा. नाहीतर पुढचं वर्ष गेलं म्हणून समजा. निधी आधीच आटत चाललाय.”

मला पटलं. माझी चूकही त्यात झाकली जात होती. मी म्हणालोसुद्धा, “दहाच तर आहेत.”

त्रिवेणी म्हणाली, “नक्को. दहातली एक चुकून कोणाच्या पिशवीत गेली तर? तुम्ही जाणार का काका, तिच्या सासूला समजवायला?”

त्या दहाही डब्यांवर वेल चढली.

हळदीकुंकू विद्यानगरला, आमच्या घरी झालं. त्रिवेणीनं गोळी खाणाऱ्या बोलावल्या, आमच्या इमारतीतल्या बोलावल्या, माझ्या बायकोच्या, पद्मावतीच्या, भजनातल्या बोलावल्या. विधवांनाही. एकदोघी दारात अडखळल्या, तर पद्मावतीनं हात धरून आत आणलं आणि पहिलं कुंकू त्यांना लावलं. घर असं भरलं की मला स्वयंपाकघरात उभं राहावं लागलं. म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

चारुलताबाई पुण्याच्या, तरुण, बोलायला गोड. त्रिवेणीनं त्यांना आत स्वयंपाकघरात आणलं, कुंकू लावलं, हातात डबी दिली. त्यांनी ती उलटसुलट केली. “सुंदर आहे हो. पण आमचं नाव कुठंय?”

“या वेलीखाली आहे.”

“म्हणजे?”

त्रिवेणीनं सगळं सांगितलं. मी कोरून आणलं होतं, हे तेवढं गाळलं. मीच मधे तोंड घालून कबूल केलं, तर मला म्हणाली, “काका, तिळगूळ वाटायला जा.” मी गेलो नाही.

चारुलताबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी कागद काढला. “त्रिवेणीताई, मला तुमचं पटतंय. पण हा अहवाल माझ्या वरचे लोक वाचणार. यात बायांच्या नावांचा रकाना आहे, फोटोची जागा आहे. हे रिकामं पाठवलं तर दुसरं वर्ष नक्की जाईल. बाहेरच्यांपैकी गोळी घेणाऱ्या कोण कोण आहेत, निदान पाच नावं द्या. गुप्त ठेवू. नाहीतर मी इथं लिहू काय?”

बाहेर बायांचा उखाण्यांवरून गलका चालला होता. त्रिवेणीनं तो जरा ऐकला आणि मग म्हणाली,

“लिहा, की नाव त्रिवेणीनं खोडलं, कोणी सांगितलं म्हणून नाही. फोटो पाहिजे तर माझा काढा, तोंड न झाकता. मला हा आजार आहे, असं त्याच्या खाली लिहा. ते माझं आहे, मी सांगू शकते. बाहेर बसलेल्यांचं सांगायला मला कोणी दिलेलं नाही. रकान्यात एकच नाव बसलं म्हणून पुढचं वर्ष दिलं नाही, तर नका देऊ, ताई. त्या अकरा जणींकडं मी बसनं जाईन, उशिरा पोचेन, पर पोचेन.”