कंदील टोळीला संदर्भ पाहिजे!

ज्ञानकोशात संदर्भाशिवाय वाक्य टिकत नाही, आणि आमच्या गटाला किस्सा घडल्याशिवाय संदर्भ मिळत नाही. म्हणून पानावर जेमतेम चौदा ओळी जमल्या आणि किश्शांना मात्र वही पुरेना!

मी बंगळुरूला शिकून माझ्या गावी, केनवडला परतले ती एकच ध्यास घेऊन: आपला इतिहास आपणच लिहायचा. ऑनलाइन ज्ञानकोशात कोणालाही लिहिता येतं. इंग्रजांच्या काळात आमच्या भागात दरोडे घालणारी कंदील टोळी होती, तिचं तिथे तीन ओळींचं पान होतं. वर लाल पाटी: "पंधरा दिवसांत छापील संदर्भ न दिल्यास पान वगळले जाईल." माझं रक्तच उसळलं! मी गट काढला. सभासद तीन. मी, निवृत्त शिक्षक खंडारे सर, आणि इरफानभाई, ज्यांच्या झेरॉक्सच्या दुकानात दोन कॉम्प्युटर आहेत.

पहिल्या दिवशी मी वीस मिनिटं बोलले. माती, स्मृती, सामान्य माणसाचा इतिहास, सगळं आलं. इरफानभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, भाषन एक नंबर! पन लाइट जाऊन दहा मिनटं झाली. तुमी टाइप केलेलं सेव्ह केलं होतं काय?"

*

खंडारे सरांनी पहिलं वाक्य लिहिलं: "हे नराधम, पाषाणहृदयी दरोडेखोर..."

मी म्हटलं, "सर, ज्ञानकोशाची भाषा तटस्थ लागते. विशेषणं काढा."

सर तापले. "मंग काय लिहू? रात्रीचे पाहुणे?"

त्यांनी रागाच्या भरात खरंच तसं लिहून टाकलं. सकाळी कोणा दूरच्या संपादकाने त्या शब्दांपुढे शेरा मारला होता: "कोणाचे पाहुणे? स्पष्ट करावे."

*

माहिती गोळा करायला कामरगावला गेलो. चहाच्या टपरीवर तासाभरात सहा घरांनी सांगितलं, टोळीने आम्हाला लुटलं. लुटणाऱ्याचा नातू मात्र एकही सापडेना!

परतताना एक गृहस्थ जीपपर्यंत मागे आले. हळूच म्हणाले, "माहे आजोबा होते टोळीत. नाव टाका त्याईचं. मोठ्या अक्षरात टाका."

मला भरून आलं. इतका प्रामाणिक माणूस! मी वही काढली.

"आता नोका टाकू, बाई! पोरीची सोयरीक चालू हाय. लग्न होऊ द्या, मंग टाका. जावयाले बी जरा धाक राह्यते!"

*

संतांच्या जन्मगावावरून गावं भांडतात, हे मी ऐकून होते. आमच्याकडे टोळीच्या म्होरक्यावरून पेटलं! एका गावकऱ्याने पानावर त्याचं गाव केनवड लिहिलं. दुसऱ्याने ते खोडून रिठद केलं. पुन्हा केनवड, पुन्हा रिठद. एका दुपारीत एकतीस बदल!

दोघंही इरफानभाईंच्याच दुकानात बसले होते. शेजारशेजारच्या कॉम्प्युटरवर. एकमेकांना चहा पाजत!

एकाच इंटरनेट जोडणीवरून सगळं आलेलं पाहून ज्ञानकोशावर देखरेख ठेवणाऱ्या प्रचालकांनी दुकानातून लिहायलाच बंदी घातली. कारण दिलं: "एकच व्यक्ती स्वतःशी वाद घालत आहे."

इरफानभाई कपाळावर हात मारून म्हणाले, "या अल्ला! टोळी राह्यली बाजूले, माहं दुकानच पकडलं!"

*

चौदावा दिवस उजाडला. छापील संदर्भ अजून शून्य. एकच आशा होती, रिठदचे आबा. टोळीने आपल्या पणजोबांचे सात पेटारे नेले, हे ते गावभर सांगत. त्या टोळीची एक चिठ्ठी शाळेच्या जुन्या स्मरणिकेत छापली होती आणि तिची शेवटची प्रत आबांकडेच होती. पण मागितली की म्हणत, "उंदरानं खाल्ली."

त्या दिवशी आबा पेटाऱ्यांचं वर्णन करत असतानाच त्यांच्या सूनबाई, सुनीतावहिनी, चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये कपांखाली स्मरणिका! "पिठाच्या डब्याखाली होती," त्या म्हणाल्या. आबांकडे त्यांनी पाहिलंच नाही.

खंडारे सरांनी आबांच्या पणजोबांना लिहिलेली ती चिठ्ठी मोठ्याने वाचली.

"आम्ही आपल्याकडे येत नाही म्हणून गावात आपली अब्रू जाते, अशी आपली तक्रार पोचली. तरी कळावे, की आम्ही दोनदा येऊन गेलो. काही सापडले नाही. राग नसावा."

वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. आबांची मान खाली गेली. पान वाचवायला मला हाच कागद हवा होता, तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, तुमची इच्छा नसेल तर राहू द्या. पान जाऊ दे."

आबांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. मिशीवरून हात फिरवला.

"काहून जाऊ द्याचं? टाक! पन 'दोनदा' नोको लिहू, 'सातदा' लिही. एवढ्या हुशार चोराईले सात वेळा शोधा लागलं, म्हंजे घर केवढं मोठं असन!"