मोर कुणाच्या हातचा

बातमी आतल्या पानावर होती, पण फोटो चांगला वीतभर. दाक्षायणीअक्कांनी वर्तमानपत्र खिडकीपाशी उजेडात नेलं, चष्मा पुसून परत लावला आणि बाहेरच्या खोलीकडं तोंड करून ओरडल्या, "अवो, माझा मोर उलटा टांगलाय की ह्यांनी!"

सिद्धाप्पा मास्तर, म्हणजे अक्कांचे यजमान, गालाला साबण लावून बसले होते. "कुणाचा मोर?" त्यांनी आरशातूनच विचारलं.

फोटोत एक भलामोठा ग्राफचा कागद काचेच्या चौकटीत बसवलेला होता. त्यावर लाल रंगानं भरलेला मोर. पाय वर आणि पिसारा खाली. खाली लिहिलं होतं, 'समई. लिंगैक्य रुद्रप्पा शेठ यांच्या कुंचल्यातून उतरलेली सोलापुरी नक्षी. पार्क चौकाजवळील सभागृहात तीन दिवसांचे कलाप्रदर्शन.'

समई! पिसाऱ्याचं बूड केलं आणि पायांच्या वाती केल्या. आणि रुद्रप्पा शेठचा कुंचला म्हणे. शेठ देवमाणूस होते, गेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण सही सोडली तर त्यांनी जन्मात कागदावर काही काढलं नव्हतं. त्या मोराच्या मानेपायी अक्कांनी नऊ दिवस घातले होते. त्यांची कानशिलं तापली.

चादर नुसती पांघरून झोपणाऱ्याला ह्यातलं काही ठाऊक नसतं, म्हणून सांगायला हवं. चादरीवरचं फूल मागावर उमलत नाही, ते आधी कागदावर बसतं. ग्राफच्या कागदावर हजारो बारीक चौकोन असतात. जिथं धागा वर यायला हवा तो चौकोन लाल भरायचा, बाकीचा मोकळा सोडायचा. मग पंचिंगवाला एकेक ओळ वाचून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतो, त्या पट्ट्या मागावर चढतात आणि माग मुकाट्यानं तेच विणतो. चौकोनाचौकोनांतून मोराची मान गोल वळवायची, ती जिन्यासारखी दिसू द्यायची नाही, ह्याला हात लागतो. तो हात अक्कांचा होता. बाळीवेशीतल्या दोन खोल्यांत, पाटावर कागद आणि मांडीवर पाट ठेवून, त्यांनी एकतीस वर्षं चौकोन भरले.

विद्या माहेरची. सासरी आल्यावर चार-पाच वर्षांत सिद्धाप्पा नोकरीला होते ती गिरणी बंद पडली आणि ती विद्या कामाला आली. पण बाईच्या हातचं डिझाइन कारखानदार घेईना. "रांगोळी हाय व्हय ही?" असं एकानं विचारलं म्हणतात. मग कागद गुंडाळून सिद्धाप्पा न्यायला लागले. ते खोटं कधी बोलले नाहीत. "डिझाइन झालंय," एवढंच म्हणायचे. कुणी केलं हे समोरच्यानं विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. वर्षभरात लोक त्यांना मास्तर म्हणायला लागले. अक्का घरात बसून चादरीच्या काठात विणायची कारखानदारांची नावं भरत राहिल्या, अक्षर न् अक्षर, चौकोन न् चौकोन. अख्ख्या पेठेत इतक्यांची नावं इतक्या वेळा कुणी लिहिली नसतील.

"चला," अक्का म्हणाल्या.

"कुटं?"

"प्रदर्शनाला. तोंड धुवा आधी."

सभागृहाच्या दारात जुन्या कांड्या आणि बॉबिनी रचून फोटो काढायची कमान केली होती. आत भिंतीवर बायकांनी रंगवलेली सुपं होती, शाळेतल्या पोरांची चित्रं होती, आणि मधोमध, दिव्यांच्या झोतात, ग्राफच्या अकरा चौकटी. अक्कांनी एकेक पाहिली. अकराच्या अकरा त्यांच्याच. शेठच्या बंद कारखान्याच्या माळ्यावरनं काढलेल्या असणार. मोर त्यांच्यात सगळ्यात मोठा, आणि डोक्यावर उभा.

रुद्रप्पा शेठचा नातू महेश्वर पाहुण्यांना हात जोडत हिंडत होता. पोरगा वाईट नव्हता. माळ्यावरची रद्दी त्यानं रद्दीवाल्याला दिली नाही हेच पुष्कळ.

"बाळा, हा मोर हाय," अक्कांनी त्याला गाठलं. "सरळ कर."

महेश्वरनं मान तिरकी करून पाहिलं. "अरेच्चा! आजी, आम्हाला समईच वाटली. पुण्याच्या मॅडमनी मांडणी केलीय. पण कलेत सरळ-उलटं असं काही नसतं हो."

"मागावर असतंय की! उलट्या चादरीला गिऱ्हाईक न्हाय." अक्कांचा आवाज चढला. "आणि हे तुझ्या आज्यानं काढलेलं न्हाय. हे काढलंय..."

"सुम्निरु," शेजारून सिद्धाप्पा पुटपुटले. बायकोला गप्प बसवायचं असलं की ते कानडीत शिरायचे.

तेवढ्यात धोंडीराम आला. धोंडीरामनं उभ्या आयुष्यात पट्ट्यांना भोकं पाडण्यापलीकडं काही केलं नव्हतं, आणि ह्या ग्राफांची ओळ न् ओळ त्याच्या डोळ्यांखालनं गेलेली. चौकटीला नाक लावून तो म्हणाला, "शेठ कशाला काढत्यात? हा हात मी अंधारात वळखीन. आपल्या मास्तरांचा हात हाय हा!" आणि त्यानं वाकून सिद्धाप्पांच्या उजव्या हाताला नमस्कार केला.

झालं. महेश्वरला आनंदच झाला. मेलेल्या आजोबांपेक्षा जिवंत कलावंत कुठल्याही प्रदर्शनात जास्त शोभतो. त्यानं माईकवर जाहीर केलं, शाल आली, श्रीफळ आलं, कुणीतरी फेटा आणायला धावलं. पाटीवर नवा कागद चिकटला, 'मोर. रेखाटन: सिद्धाप्पा मास्तर'. मोर सुलटा झाला. फोटोवाल्यानं अक्कांना कोपरानं बाजूला सारलं. "आजी, जरा सरका, मास्तर एकटे पाहिजेत."

अक्का सरकल्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. आता बोलतील, त्यांना वाटलं. शाल खांद्यावर पडायच्या आत बोलतील. सिद्धाप्पांनी शाल घेतली, नारळ घेतला, मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. "उद्या अकरा वाजता मास्तर विद्यार्थ्यांसमोर प्रत्यक्ष ग्राफ भरून दाखवतील," महेश्वर म्हणाला, आणि मास्तरांनी त्यालाही मान हलवली.

शेठच्या नातवाचा राग वेगळा. तो परका होता, त्याला माहीत नव्हतं. नवऱ्यावरचा हा राग आत कुठंतरी जाऊन बसला आणि रिक्षातनं घरापर्यंत तसाच आला.

बाहेर पडला तो भाकरी थापताना. "दाताला कुलूप लावलं होतं काय तुमच्या?"

"एवढ्या लोकांत काय सांगायचं?" सिद्धाप्पांनी शाल खुंटीला नीट लावली. "आणि घर एकच हाय की आपलं. नाव माझं काय, तुझं काय."

"व्हय? मग माझंच सांगायचं की. एकच हाय न्हवं?"

सिद्धाप्पा पाटावर येऊन बसले. मग म्हणाले, "उद्या तू शेजारी बस. मी बोलीन, तू भर. लोकांना सांगू, मास्तरांच्या डोळ्याला कमी दिसतंय."

तव्यावरची भाकरी करपली. चव्वेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्या माणसाला हे सुचलं, आणि सुचून तो जेवायची वाट बघत बसला, ह्याची अक्कांना इतकी चीड आली की त्यांनी करपलेलीच भाकरी त्याच्या ताटात वाढली.

"मी पुढच्या रांगेत बसून बघीन," त्या म्हणाल्या. "मास्तर तुमी. तुमीच भरा."

दुसऱ्या दिवशी सभागृहात पन्नासेक पोरं होती, चित्रकलेचे दोन शिक्षक होते, पहिल्या रांगेत धोंडीराम होता. व्यासपीठावर टेबल, टेबलावर कोरा ग्राफ, लाल आणि पांढऱ्या रंगाच्या वाट्या, तीन ब्रश. शिवाय कॅमेरा लावून मागच्या पडद्यावर सगळं मोठं दिसेल अशी सोय. अक्का धोंडीरामच्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या.

सिद्धाप्पांनी पेन्सिलीनं पान काढलं. तसं बरं जमलं. एकतीस वर्षं बघत आलेला माणूस, पान काढायला काय लागतं? मग ब्रश उचलला आणि भरायला सुरुवात केली. देठापासनं टोकापर्यंत, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक चौकोन न सोडता भरत गेले. पडद्यावर लाल पान सुजत चाललं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

धोंडीराम मात्र पुढं सरकला होता. "मास्तर," तो हळूच म्हणाला, पण सभागृह शांत होतं. "बांधणी कुटं सोडली?"

सिद्धाप्पांचा ब्रश थांबला. सलग लाल भरलं की वरचा धागा खाली जातच नाही, मोकळा लोंबतो, आणि पहिल्याच धुण्यात बांगडीत अडकून ओढला जातो. म्हणून मधे मधे एखादा चौकोन मोकळा सोडावा लागतो. तीच बांधणी. ग्राफ भरायला शिकणारी पोर पहिल्या दिवशी शिकते ती गोष्ट. धोंडीरामला वाटलं मास्तर विसरले. त्याच्या तोंडावर काळजी होती, संशय नव्हता.

"वय झालं आता," सिद्धाप्पा म्हणाले आणि त्यांनी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला. चुकीच्या जागी. मग आणखी एक. पडद्यावर पानाला देवी आल्या. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

त्यांनी अक्कांकडं पाहिलं. ती नजर अक्कांच्या ओळखीची होती. कारखानदार एखादी खोच विचारायचा, तेव्हा घरी येऊन ते अशाच नजरेनं उंबऱ्यात उभे राहायचे, आणि अक्का हातातलं टाकून उत्तर द्यायच्या. आताही एक शब्द पुरला असता. म्हाताऱ्यानं ब्रश खाली ठेवला. अक्कांना त्यांची कणव आली, आणि कणव आली म्हणून स्वतःचाच राग आला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"अगं, ये की जरा," सिद्धाप्पा शेवटी म्हणाले.

"कुणाला बोलावताय?"

"तुलाच की."

"हितं पन्नास माणसं हायत. मला नाव हाय. त्या माईकमधी घ्या."

पोरं टकामका बघायला लागली. त्यांना काय ठाऊक! लग्न झालं तेव्हा घरात सिद्धाप्पांचे आई-आप्पा होते, त्यांच्यादेखत बायकोला नावानं हाक मारायची रीत नव्हती. म्हणून ती 'अगं' झाली. लेक झाल्यावर 'भुवनेश्वरीची अव्वा' झाली. मग आई-आप्पा गेले, लेक सासरी गेली, पण नाव काही परत आलं नाही. सिद्धाप्पांनी माईक जवळ ओढला. दोनदा खोकले.

"दाक्षायणी," ते म्हणाले. आवाज सभागृहभर झाला तसे स्वतःच दचकले. मग एकदम बांध फुटल्यासारखे बोलत सुटले. "मोर हिनं काढलाय. भिंतीवरचे अकराच्या अकरा हिचेच. मला ह्यातलं काय येत न्हाय. मी निस्ता न्हेऊन द्यायचो आणि लोक मला मास्तर म्हणायचे. काल सांगायला पायजे होतं. त्याच्या आधी पण सांगायला पायजे होतं." एवढं बोलून त्यांनी खांद्यावरची शाल काढली आणि कुठं ठेवावी ते न कळून हातातच धरून उभे राहिले.

धोंडीराम उठला. "म्हंजे एवढी वर्षं मी..." त्यानं मास्तरांच्या हाताकडं पाहिलं, मग अक्कांच्या. "वैनी, तुमी तरी सांगायचं की वो!"

"मला कुणी इचारलं होतं?" अक्का म्हणाल्या.

टाळ्या झाल्या. शिक्षक उभे राहिले, मागोमाग पोरं. अक्कांना त्या टाळ्यांचं काही कौतुक वाटलं नाही. त्या व्यासपीठाकडं न जाता आधी भिंतीकडं गेल्या, मोराच्या चौकटीपाशी, आणि पाटीवर बोट ठेवून थांबल्या. महेश्वर धावत आला. खरं म्हणजे बिचारा पार ओशाळला होता. त्यानं कालचा कागद खरवडून काढला, नवा चिकटवला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मोर. रेखाटन: सिद्धाप्पा मास्तर व सौ. दाक्षायणी'.

अक्कांनी चष्मा सारखा करून वाचलं. "ह्यांचं कशाला?"

"आजी, जोडीनं छान दिसतं," महेश्वर म्हणाला. "आणि मास्तरांनी एवढ्या मोठ्या मनानं कबूल केलं..."

"काल ह्यांचं एकट्याचंच नाव हितं दिवसभर होतं. तवा कुणाला जोडी आठवली न्हाय. आज माझं एकटीचं ऱ्हाऊ दे."

महेश्वरनं पेनाचं टोपण काढलं आणि लिहायच्या आधी, सवयीनंच, मान वळवून व्यासपीठावरच्या सिद्धाप्पांकडं पाहिलं.

"त्यांच्याकडं काय बघतोस?" अक्का म्हणाल्या. "लिही."