झुंबरनानांनी भाव उघडा केला

धुळ्याच्या स्टँडसमोर आम्ही पत्रके वाटत होतो. पत्रक घेणारा एक ओळखीचा म्हणाला, ‘तुमचे धरणगावचे झुंबरनाना गेले, काल सकाळी.’ पत्रकावर मोठ्या टायपात होते, ‘राज्य मिळाले, सही मात्र दिल्लीची’. ही ओळ नानांची. माझा अख्खा मजकूर त्यांनी बाजूला सारला होता. ‘भाऊ, गाडी उभी करीसन कोन इतलं वाचस?’

आमची मागणी सरळ होती, आजही आहे. आपल्या विधानसभेने कापसाच्या व्यापाराचा कायदा केला, की तो कायदा झाला. त्यासाठी दिल्लीची संमती कशाला? कापूस इथे पिकतो, आमदार आपण निवडतो, आणि कायदा मात्र दिल्लीच्या टेबलावर धूळ खातो. हे नानांनी बोलावे याचेच मला अप्रूप, कारण ते स्वतः अडते. घराणे राजस्थानातून आलेले, पेढी आजोबांची. बाजारात अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत. शेतकरी शेजारी उभा, आणि त्याच्याच कापसाचा भाव त्याला दिसत नसे. भाव उघड बोलायला लावणारा हा कायदा आला असता तर ही रुमालाखालची कमाई आधी बुडाली असती. मुलगा मदन चिडायचा, ‘बाबूजी, आपल्याच पेढीला कुलूप लावायला सभा घेताय?’ नाना म्हणायचे, ‘लागू दे कुलूप. किल्ली मुंबईत असली तर मागायला तरी जाता येईल.’

मग खासदार धरणगावला आले. काय ती सभा... सरकी काढायच्या जिनातले मजूर, गाडीवान, दुकानदार, सगळे लोटले होते. खासदारांनी ठरावीक पाठ म्हटला, केंद्राला साऱ्या देशाचा विचार करावा लागतो, धीर धरा. नाना सरळ व्यासपीठावर चढले, खासदारांचा हात धरला, वर आपले उपरणे टाकले आणि आतून बोटे दाबू लागले.

‘हे काय, नाना?’

‘भाव सांगी ऱ्हायनू, साहेब. समजना का?’

‘नाही हो.’

‘आमले बी समजत नही. आमना कायदा दिल्लीमा असाच कपडाखाले शे.’

मैदान हसून लोळायचे बाकी. मागून कोणी ओरडले, ‘साहेब, हात काढा नि बोटं मोजी ल्या.’ मी आनंदाने टाळ्या पिटत होतो. तेवढ्यात पुढे बसलेले एक म्हातारे आबा उठले. ‘दिल्लीनं ऱ्हाऊ द्या, नाना. तुमना रुमाल कव्हय काढशात?’

हशा थांबला. आबांनी रंगलेली सभा बिघडवली म्हणून मी दात-ओठ खात होतो. नानांनी उपरण्याची घडी खांद्यावर टाकली आणि म्हणाले, ‘उद्यापासून.’

आणि खरेच, दुसऱ्या दिवशी पेढीवर त्यांनी भाव मोठ्याने बोलून सांगितला. खरेदीदार फिरकेनासे झाले, मदन त्यांच्या पंगतीला बसेना. मी म्हणालो, ‘नाना, आधी कायदा येऊ द्या.’ ते म्हणाले, ‘कायदा मागणाऱ्याने कायद्याची वाट पाहत बसायचं, असं तुझ्या पत्रकात कुठं लिहिलंय?’ त्या हंगामात पेढी जेमतेम तगली. म्हातारा मात्र विशीतल्या पोरासारखा खुशीत... गाडी आली की आधी खणखणीत भाव, मग चहा.

तेरावे झाल्यावर मी धरणगावला गेलो. दिल्लीची सही अजून नव्हतीच. गादीवर मदन होता, नवा खरेदीदार होता आणि मदनच्या गुडघ्यावर रुमाल होता. दारात कापसाची गाडी आली. दोघांचे हात रुमालाखाली गेले, तसा गाडीवाला शेतकरी कापूस उतरवायचा थांबला.

‘बोलीसन सांगा, शेठ. ह्या पेढीवर बोलीसनच सांगतस.’

मदनने माझ्याकडे रागाने पाहिले, जणू त्या शेतकऱ्याला मीच पढवून आणले होते. माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता. शेतकरी बैलाच्या पाठीवर हात ठेवून शांतपणे उभा होता. त्याला घाई नव्हती. शेवटी मदनने हात बाहेर काढला आणि भाव सांगितला. पुटपुटतच सांगितला. शेतकरी म्हणाला, ‘ऐकू नही ऊना.’ मग मदनने असा काही आवाज लावला, की समोरच्या पेढीवरचे लोक ओट्यावर येऊन उभे राहिले.