निलगिरीवर तगलेली राजधानी

सर्दी झाली की मी रुमालावर निलगिरीचं तेल टाकते. सवय आईची. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या लॅबमध्ये त्या वासाला सगळे नाकं मुरडतात. त्या दिवशी मात्र शेजारच्या टेबलावरची मैत्रीण उठून जवळ आली. "हा तर आमच्या अदिस अबाबाचा वास!" ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. इथिओपियाची ही राजधानी नवी होती, तेव्हा लोकांनी चुलीसाठी आसपासचं रान तोडून संपवलं. जळणच मिळेना, म्हणून राजाने राजधानी दुसरीकडे हलवायचं मनात घेतलं. तेवढ्यात ऑस्ट्रेलियाहून आणलेली निलगिरी तिथे भराभर वाढली आणि राजधानी जागेवर राहिली. आज अख्ख्या आफ्रिकेतल्या देशांच्या बैठका तिथे भरतात.

"म्हणजे झाड मूळचं तुमचं नाहीच?" मी विचारलं.

"आमचंच की! आजीची चूल त्याच्यावरच पेटायची."

इथून जवळच, कॅरी गावात माझं घर आहे, मुलं इथेच जन्मली, तरी दुकानात कोणीतरी विचारतंच, तुम्ही मूळच्या कुठल्या? त्या प्रश्नाची मला भयंकर चीड येते. आणि आज तोच प्रश्न मी एका झाडाबद्दल विचारला होता.